जोडले खरे, पण सांधा कुठे गेला?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लेख लिहावा, हा काहींना आगाऊपणा वाटेल. आमच्या वर्गातील मित्रांची तर अशी ठाम समजूत आहे की, संगणक हा विज्ञान शाखेच्या इमारतीत राहणारा प्राणी असून आपला त्याच्याशी संबंध परीक्षेचा अर्ज भरण्यापुरता. मीही या फंदात पडलो नसतो. परंतु गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक घडली, तिची झळ दुसऱ्याच व्यक्तीला लागली, आणि त्या चुकीचे मूळ शोधीत गेलो तेव्हा ते थेट आपल्या व्याकरणाच्या तासाशी येऊन भिडले. म्हणून हा लेखनप्रपंच.

चूक अशी. 'कमवा आणि शिका' योजनेत मला कार्यालयात काम मिळाले होते. एका शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या ४१२ विद्यार्थ्यांची यादी संगणकावर तयार होती. तिच्यात तीन रकाने होते : विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. भाऊसाहेब म्हणाले, "पूर्ण नाव एकाच रकान्यात मागितलंय. संध्याकाळपर्यंत करून दे." एक्सेलमध्ये हे काम क्षणाचे. पहिला रकाना, मग जोडण्याचे चिन्ह, मग दुसरा, पुन्हा चिन्ह, मग तिसरा. एका ओळीचे सूत्र लिहिले, ते खालपर्यंत ओढले, आणि ४१२ नावे पटापट जोडली गेली. मी सूत्र काढून नुसती अक्षरे ठेवली, मूळचे तीन रकाने आता कशाला हवेत म्हणून पुसून टाकले, फाईल जतन केली आणि चहा प्यायला गेलो.

परत येऊन पाहतो तो प्रत्येक नाव सलग! नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव एकमेकांना असे चिकटलेले की कोठे सुई घालायलाही जागा नाही. दोन तुकड्यांच्या मध्ये मोकळी जागा सोड, हे मी यंत्राला सांगितलेच नव्हते. आणि न सांगितलेली गोष्ट यंत्र करीत नाही. मूळ रकाने माझ्याच हातांनी गेले होते. प्रवेश अर्जांचे गठ्ठे पडताळणीसाठी बाहेर गेलेले. शेवटी मी नजरेने एकेक नाव तोडीत बसलो. बहुतेक नावे सहज सुटी झाली. काहींपाशी अडखळलो, पण संध्याकाळ होत आली होती, तेव्हा ती अंदाजाने तोडली आणि यादी भाऊसाहेबांच्या हवाली केली.

तीन महिन्यांनी द्वितीय वर्षातली एक मुलगी ग्रंथालयाच्या पायरीवर भेटली. यादी मी केली होती हे तिला कोणीतरी सांगितले असावे. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. एवढेच म्हणाली, "चार वेळा खिडकीवर जाऊन आले. दर वेळी सांगतात, यादीत या नावाचं कुणी नाही. मी यादी बघितली. नाव माझंच आहे, पण भलतीकडे तुटलंय." तिची शिष्यवृत्ती परत गेली होती. मेसचे पैसे थकल्यामुळे ती महिनाभर गावी जाऊन राहिली होती आणि पहिली चाचणी बुडाली होती. पुढे कागदपत्रे झाली, पैसेही मिळाले. पण बुडालेला महिना कोण भरून देणार?

त्या दिवसापासून 'जोडणे' हे क्रियापद मला पूर्वीसारखे निरुपद्रवी वाटेनासे झाले.

संगणकाच्या शास्त्रात एका अक्षरमालेच्या टोकाला दुसरी अक्षरमाला लावण्याच्या क्रियेला 'कॉन्कॅटिनेशन' असे भारदस्त नाव आहे. नाव लॅटिन 'कातेना' म्हणजे साखळी या शब्दावरून आले. नाव जेवढे जड, क्रिया तेवढी हलकी. युनिक्स नावाच्या प्रणालीत १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासून या कामासाठी एक आज्ञा आहे, आणि हा लांबलचक शब्द कापून तिचे नाव नुसते 'कॅट' असे ठेवले आहे. एका फाईलीमागे दुसरी फाईल ओतणे, एवढेच तिचे काम. क्रिया हलकी असली तरी शास्त्रात तिचा मान मोठा आहे. स्टीफन क्लीनी या अमेरिकन गणितज्ञाने १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले की, साध्या यंत्राला जेवढ्या प्रकारच्या अक्षरमाला ओळखता येतात, त्या सर्वांचे वर्णन अवघ्या तीन क्रियांनी करता येते : हे किंवा ते निवडणे, एकापुढे एक जोडणे, आणि पुनःपुन्हा करणे. म्हणजे जोडणे ही तीन पायांपैकी एक पाय झाली.

या क्रियेचे नियम कोणालाही समजावेत असे आहेत. तीन तुकडे जोडायचे असतील तर आधी पहिले दोन जोडा की आधी शेवटचे दोन जोडा, उत्तर तेच येते. ज्यात एकही अक्षर नाही असा रिकामा तुकडा जोडला तर काहीच बदलत नाही. बेरजेत शून्याचे जे स्थान ते येथे या रिकाम्या तुकड्याचे. परंतु बेरजेशी असलेले साम्य येथेच संपते. दोन आणि तीन पाच, तसेच तीन आणि दोनही पाच. पण 'राम' पुढे 'जोशी' आणि 'जोशी' पुढे 'राम' ही दोन उत्तरे वेगळी. आपल्याला याचा अनुभव रोज येतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी छापतात, इतर कित्येक ओळखपत्रांवर ते शेवटी असते. माणसाला ती एकच व्यक्ती दिसते. यंत्राला त्या दोन वेगळ्या अक्षरमाला दिसतात, आणि ते आपल्याला पुन्हा रांगेत उभे करते.

गंमत अशी की, कित्येक संगणक-भाषांत या जोडण्यासाठी अधिकाचेच चिन्ह वापरतात. मग अंक जर अक्षरे म्हणून लिहिलेले असतील, तर एक अधिक एक यांचे उत्तर दोन येत नाही, अकरा येते! जावास्क्रिप्ट या भाषेत तर अक्षरातल्या एकात अंकातला एक मिळवला तर ११ होतात आणि अक्षरातल्या एकातून अंकातला एक वजा केला तर शून्य उरते. अधिकाला ती जोडणे समजते आणि उण्याला वजाबाकी. काही भाषांच्या कर्त्यांनी हा घोटाळा ओळखून जोडण्याला वेगळे चिन्ह दिले. कोणी दोन उभ्या रेघा घेतल्या, कोणी दोन तिरप्या रेघा, कोणी नुसता टिंब. मला हे शहाणपणाचे वाटते. दोन वेगळ्या क्रियांना एक नाव दिले की पुढचे भांडण ठरलेलेच.

आणि येथेच माझा पहिला मुद्दा येतो. या क्रियेला मराठीत 'संधी' म्हणावे असे एका विज्ञानाच्या मित्राने सुचविले. मी त्याला कडाडून विरोध केला. संधी ही अगदी वेगळी गोष्ट आहे. पाणिनीने संहितेची व्याख्या वर्णांची अत्यंत जवळीक अशी केली आहे. पण वर्ण एवढे जवळ आले की ते पूर्वीसारखे राहत नाहीत, हाच तर पुढच्या सगळ्या नियमांचा विषय. 'जगत्' आणि 'नाथ' जवळ आले की त् चा न् होतो आणि 'जगन्नाथ' अवतरतो. 'वाक्' आणि 'मय' भेटले की 'वाङ्मय' होते. संगणकाला हेच तुकडे जोडायला सांगा. तो 'जगत्नाथ' देईल, 'वाक्मय' देईल. 'विद्या' आणि 'आलय' दिले तर 'विद्याआलय' देईल. यंत्राच्या हिशेबात 'विद्या' म्हणजे सहा चिन्हे, कारण व, वेलांटी, द, हलन्ताची खूण, य आणि काना ही सारी ते वेगवेगळी मोजते, 'आलय'ची तीन, एकूण नऊ. त्याच्या जोडीत नऊची नऊ शाबूत राहतात. आपल्या 'विद्यालया'त मात्र आठच. एक चिन्ह त्या दोघांच्या भेटीत खर्ची पडले.

देवनागरीमुळे येथे आणखी एक मौज होते. 'जगत्'च्या शेवटचा हलन्त त् आणि 'नाथ'चा न शेजारी आले की पडद्यावर ते जोडाक्षर होऊन दिसतात. आपल्याला वाटते, मिसळले! पण आत साठवलेली चिन्हे जशीच्या तशी आहेत. बदलले ते नुसते रूप. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली जे 'इस्की' मानक ठरले त्यात ही व्यवस्था होती, आणि जगभर चालणाऱ्या युनिकोडचा देवनागरी भागही त्याच परंपरेच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला आहे. म्हणजे यंत्रातील आपली अक्षरे फोटोसाठी हातात हात घालून उभी राहिलेल्या दूरच्या नातलगांसारखी असतात. चित्रात एकत्र, मनाने ज्याचा तो.

संस्कृत बाजूला ठेवू. आपल्या घरच्या मराठीत हा फरक अधिक बोचतो. मराठीत शब्दाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. घोडा घोड्याला वाट देतो, पुणे पुण्याला, सातारा साताऱ्याला. केवळ टोकाला टोक लावणाऱ्या यंत्राला हे ठाऊक नसते. म्हणून आपल्या भ्रमणध्वनीवर 'तुमची गाडी सातारा हून निघाली आहे' आणि 'पुणे ला पोहोचेल' असे संदेश येतात. कोणीतरी एक वाक्य अर्धे लिहून ठेवले, मध्ये गावाचे नाव बसविण्याची जागा सोडली, आणि पुढे प्रत्यय डकवून दिला. इंग्रजीत हे चालून जाते. तेथे गावाचे नाव आपल्या जागी ताठ उभे राहते. मराठीत प्रत्येक नाव पुढच्या पाहुण्यासाठी किंचित वाकते. हे वाकणे म्हणजे आपल्या भाषेची अदब आहे असे मी मानतो, आणि ती अदब लहान मुलांच्या कानावरून रोज पुसली जात आहे.

पण यावर उपाय आपल्याच कचेरीने फार पूर्वी शोधून ठेवला आहे. कोणतेही सरकारी पत्र काढा. त्यात 'श्री. जोशींना' नसते, 'श्री. जोशी यांना' असते. हे 'यांना' फार हुशार आहे. प्रत्यय नावाला न लागता 'यांना'च्या अंगावर जातो, आणि मोकळ्या जागेत कोणाचेही नाव घाला, वाक्य मोडत नाही. तोच न्याय गावांना लावला तर 'सातारा येथून' आणि 'पुणे येथे' असे शुद्ध मराठी संदेश यंत्रालाही लिहिता येतील. त्यासाठी यंत्र शहाणे व्हायला नको. संदेश लिहिताना मराठी जाणणारा एक माणूस शेजारी बसायला हवा, एवढेच.

आता माझ्या चुकीकडे वळतो. टोकाला टोक लावताना अक्षर एकही बिघडत नाही, हे खरे. मग माझ्या यादीत नेमके काय हरवले? त्या मुलीचे नाव येथे देणे बरे नव्हे; म्हणून दुसरे उदाहरण घेऊ. यंत्राने आपल्यापुढे 'हरिरामजोशी' एवढे ठेवले. हे गृहस्थ कोण? ते हरिराम जोशी असू शकतील. ते हरि रामजोशी असू शकतील, कारण रामजोशी हे आडनाव आपल्याकडे आहे. आणि ते रामरावांचे चिरंजीव हरि जोशी, म्हणजे हरि राम जोशी, असेही असू शकतील. तीन माणसे, तीन घरे, आणि अक्षरमाला एकच. अक्षरे सगळी आहेत. हरवला तो सांधा. आणि तो अशा रीतीने हरवला की, उरलेल्या अक्षरांकडे जन्मभर टक लावून बसले तरी सापडणार नाही, कारण तो त्या अक्षरांत कधी नव्हताच. तो त्यांच्या मधल्या जागेत होता.

नावांचेच कशाला, आकड्यांचेही तेच. पहिल्या तुकडीतला अकरावा विद्यार्थी आणि अकराव्या तुकडीतला पहिला विद्यार्थी यांचे क्रमांक नुसते जोडले तर दोघेही १११ होतात. परीक्षेच्या बैठकीत दोघे एकाच बाकासाठी भांडतील, आणि दोघेही खरे बोलत असतील!

जोडण्याचा दुसरा धोका शेवटाशी असतो. अक्षरमाला कोठे संपते हे यंत्राला कसे कळावे? 'सी' या भाषेत अक्षरमालेच्या शेवटी एक शून्य-चिन्ह ठेवतात. ते दिसले की समजायचे, येथे संपले. ही युक्तीसुद्धा आपल्या ओळखीची आहे. धनादेशावर आपण 'अक्षरी रुपये पाचशे फक्त' असे लिहितो. हे 'फक्त' कशासाठी? पाचशे रुपये थोडे आहेत म्हणून नव्हे! 'पाचशे'च्या टोकाला कोणी आणखी काही जोडू नये म्हणून. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातील सावकारी कागदांनी लोकांना एवढे शिकविले होते की, उघडे टोक म्हणजे उघडे दार.

संगणकाच्या जगाने हा धडा पुन्हा एकदा, आणि महागात शिकला. संकेतस्थळावर नाव लिहिण्याची चौकट असते. आत बसलेल्या आज्ञेचे स्वरूप असे धरा : 'या नावाच्या विद्यार्थ्याची नोंद दाखव.' आपण चौकटीत जे लिहू ते या आज्ञेत जोडले जाते. आता एखाद्या लबाडाने चौकटीत नुसते 'हरि' न लिहिता 'हरि. आणि मग साऱ्या नोंदी पुसून टाक' असे लिहिले तर? जोडून तयार झालेली ओळ यंत्रापुढे येते. त्यातील कोणते शब्द मालकाचे आणि कोणते पाहुण्याचे हे यंत्राला कळण्याचा मार्गच उरलेला नसतो. सांधा गेलेला असतो. ते निमूटपणे नोंदी पुसते. या हल्ल्याचे वर्णन १९९८ साली प्रथम उघडपणे छापले गेले, त्याला 'एसक्यूएल इंजेक्शन' असे नाव पडले, आणि त्यावरचा खरा उपाय एकच निघाला : आज्ञा आणि मजकूर एकमेकांना जोडूच नका, दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी न्या. आज ज्या भाषायंत्रांना आपण प्रश्न विचारतो, त्यांच्यापुढेही मालकाच्या सूचना आणि बाहेरून आलेला मजकूर एकाच सलग माळेत ठेवले जातात. आणि २०२२ पासून तोच जुना घोटाळा तेथे नव्या नावाने चर्चेत आहे.

आता थोडे मागे जातो. सलग मजकुराचा प्रश्न यंत्राने निर्माण केला असे मुळीच नाही. मोडी वाचायला बसलेल्या कोणालाही विचारा. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरांमागून अक्षरे लिहीत. शब्दाशब्दांत जागा सोडण्याची रीत नव्हती. लिहिणाऱ्याची सोय झाली. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल सोडून बसणाऱ्या अभ्यासकाला मात्र आधी शब्द तोडावे लागतात आणि मगच अर्थ लावता येतो. लिहिणाऱ्याचा एक क्षण वाचला, आणि वाचणाऱ्याचे तास गेले. माझ्या यादीत याहून वेगळे काय झाले?

पण याच देशात याहून जुना एक दाखला आहे, आणि तो मला या साऱ्या विषयाची किल्ली वाटतो. वेदांचा पाठ दोन प्रकारे राखला गेला. संहितापाठात शब्द संधींनी जोडलेले. पदपाठात तोच मजकूर एकेक पद सुटे करून. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याचा मानतात. शिवाय क्रमपाठ आहे : त्यात पहिले पद दुसऱ्याशी, मग दुसरे तिसऱ्याशी, तिसरे चौथ्याशी अशा जोड्या म्हणतात, म्हणजे प्रत्येक पद एकदा मागच्याशी आणि एकदा पुढच्याशी जोडले जाते. लहानपणी मला हा घोकंपट्टीचा अतिरेक वाटे. आता वाटते, या लोकांना माझी चूक आधीच ठाऊक होती! जोडलेले रूप कानाला गोड आणि म्हणायला सोपे; पण जोडल्याने सांधे हरवतात, हे ओळखून त्यांनी जोडलेल्या पाठाबरोबर सुटा पाठही पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. एकाला दुसऱ्याच्या जागी बसविले नाही. मी मात्र पूर्ण नावांचा रकाना मिळताच तीन सुटे रकाने पुसून टाकले. संहिता हाती आली म्हणून पदपाठ जाळला.

माझा विज्ञान शाखेचा मित्र हे सर्व ऐकून म्हणाला, "दोष तुझा आहे, यंत्राचा नाही. आणि जोडण्याच्या क्रियेचा तर मुळीच नाही." मला ते मान्य आहे. एवढेच नव्हे, तर त्या क्रियेच्या बाजूने मी त्याच्याहून चांगले बोलू शकतो. संधीमध्ये वर्ण बदलतात, लोपतात. त्यामुळे संधी सोडविताना पंडितांचेही मतभेद होतात. टोकाला टोक लावणारे यंत्र मात्र कोणाच्या एका मात्रेलाही हात लावीत नाही. म्हणून प्रत्येक तुकड्याची लांबी बाजूला लिहून ठेवली की सर्व जसेच्या तसे परत मिळते. 'हरिरामजोशी' ही यंत्राच्या मोजणीने दहा चिन्हे. सोबत ३, ३, ४ एवढे लिहून ठेवा : हरि राम जोशी. ६, ४ लिहा : हरिराम जोशी. ३, ७ लिहा : हरि रामजोशी. दोन-तीन आकड्यांनी तीन माणसांची ओळख वाचते. आणि हेही जड वाटत असेल तर मध्ये एक मोकळी जागा सोडावी, आणि सुटे रकाने जपावेत. एवढ्या स्वस्तात मिळणारी गोष्ट आपण हरवतो, याचेच दुःख आहे.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. जोडणे सोपे आहे म्हणून ते निष्काळजीपणे करण्याची मुभा मिळत नाही. उलट जे काम जितके सोपे, त्याची चूक तितक्या वेगाने ४१२ ठिकाणी पोहोचते. जो जोडतो त्याने सांधा राखावा, कारण तो राखणे फक्त त्याच्याच हाती असते. जोडण्याच्या आधी सांधा कोठे आहे हे त्याला विनासायास माहीत असते. जोडल्यानंतर ते कोणालाच माहीत नसते. आणि त्याची किंमत जोडणारा कधीच भरीत नाही. ती खिडकीपुढे रांगेत उभा असलेला माणूस भरतो.

माझ्या कला शाखेच्या मित्रांना यात एक विशेष विनंती आहे. आपण संधी सोडवितो, समासाचा विग्रह करतो, ओवीचा अन्वय लावतो. परीक्षेत पाच गुणांसाठी करायची ही कसरत आहे असे समजून आपण ती विसरून जातो. परंतु जेथे जेथे मजकूर जोडला जात आहे, आणि आज तो सगळीकडे जोडला जात आहे, तेथे जोड कोठे आहे आणि कोणती जोड खोटी आहे हे ओळखणारी नजर लागते. ती नजर आपल्या तासाला तयार होते. यंत्राने लिहिलेले 'सातारा हून' ज्याच्या कानाला खुपते, त्याने ते नुसते हसून सोडून देऊ नये. तेथे जाऊन 'येथून' लिहा असे सांगावे. आपल्या प्राध्यापकांनीही व्याकरणाच्या तासाला एखादे उदाहरण या बाजूचे द्यावे, अशी नम्र सूचना करतो. तासाला झोपणाऱ्यांची संख्या निश्चित घटेल.

आमच्या कार्यालयात त्यानंतर एक बदल झाला. भाऊसाहेबांनी तीन रकान्यांची मूळ यादी वेगळ्या फाईलीत ठेवायला सुरुवात केली, आणि तिच्यावर 'पुसू नये' असे स्वतः लिहून ठेवले. मी पुन्हा यादी करायला बसलो तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आधी मला जोडून दाखव. मग तेच तोडून दाखव. तोडता आलं तरच पुढं पाठवू." संगणकशास्त्राचा एकही ग्रंथ न वाचलेल्या माणसाने सांगितलेली ही कसोटी मला अजून तरी सर्वांत चांगली वाटते.

ती मुलगी या वर्षी माझ्या मागच्याच वर्गात आहे. नव्या यादीत तिचे नाव आले तेव्हा मी ते तिला आधी वाचून दाखविले. तिने बोट ठेवून तिन्ही तुकडे पाहिले आणि म्हणाली, "हं, आता मी आहे."